फेटाळलेला दावा आणि पुराव्याचे ओझे

कुठे आग लागते, कुठे वादळात छपरे उडतात, कुठे भिंती खचतात. महिना-दोन महिने जातात आणि नुकसान झालेल्यांपैकी कुणाचे तरी विमा कंपनीकडून आलेले पत्र लोकांसमोर येते: आपला दावा मान्य करता येत नाही. मग वाद पेटतो आणि त्यात दोनच सूर ऐकू येतात. पहिला म्हणतो, विमा म्हणजे लूट. हप्ते घेताना गोड बोलायचे आणि द्यायची वेळ आली की हात वर करायचे. दुसरा म्हणतो, पॉलिसी न वाचता सही केली ना, मग आता रडून काय उपयोग? दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडतात, पण घर गमावलेल्या माणसाला दोघी मिळून एकच सल्ला देतात: गप्प बस. एकीच्या मते लढून काही मिळणार नाही, दुसरीच्या मते लढायचा हक्कच नाही. माणूस पत्राची घडी करून कपाटात ठेवतो आणि कर्ज काढायला निघतो.

या वादात सगळ्यांनी एक गोष्ट न तपासता मान्य केली आहे: कंपनीने ‘नाही’ म्हटले की विषय संपला. तो संपत नाही. नकाराचे पत्र हे करारातल्या एका पक्षाचे म्हणणे आहे, आणि तेही ज्याला पैसे द्यायचे आहेत त्याच पक्षाचे. घरमालकाने केलेला दावा जसा सिद्ध करावा लागतो, तसाच ‘आम्ही देणे लागत नाही’ हा कंपनीचा दावाही सिद्ध करावा लागतो. विम्याच्या कायद्यातले सर्वसाधारण सूत्रही असेच आहे. नुकसान झाले आणि ते विम्याच्या कक्षेत येते, एवढे विमेदाराने दाखवायचे. ते अमुक अपवादात बसते, असे कंपनीला म्हणायचे असेल तर ते तिने सिद्ध करायचे. दावा नाकारला गेल्यावर काय करायचे, या प्रश्नाचे बहुतेक उत्तर या वाटणीतच आहे. लोकांना मात्र ती वाटणी कुणी सांगत नाही.

मलाही ती फार उशिरा कळली. माझ्या एका मित्राच्या घरात भिंतीतला पाण्याचा पाइप फुटला. जमीन, लाकडी कपाटे, खालची विजेची जोडणी सगळे गेले. कंपनीने कळवले की ही जुनी, हळूहळू होत आलेली गळती आहे. अचानक झालेला अपघात नाही, म्हणून पैसे नाहीत. त्याने मला विचारले आणि मी म्हणालो, जाऊ दे. तोवर फुटलेला पाइप प्लंबरने बदलून भंगारात टाकला होता. धातू गंजून पातळ झाला होता की दाबाने एकदम चिरला होता, हे त्या तुकड्यावरून कळले असते. कंपनीचे म्हणणे खरे होते की खोटे, हे मला आजही माहीत नाही. ते विचारायला हवे होते, एवढे मात्र आता पक्के माहीत आहे.

समोरच्या बाजूचे जे सर्वात वजनदार मुद्दे आहेत, ते आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. विमा हा दानधर्म नाही. विम्याच्या पेटीतले पैसे कंपनीचे कमी आणि हप्ते भरणाऱ्या सगळ्यांचे जास्त असतात. खोटा किंवा फुगवलेला दावा मंजूर झाला तर त्याची किंमत प्रामाणिक शेजाऱ्याच्या पुढच्या हप्त्यात वसूल होते. अपवादांची कलमेही केवळ दुष्टपणातून आलेली नाहीत. छप्पर जुने होणे, लाकडाला वाळवी लागणे, भिंतीत वर्षानुवर्षे ओल मुरणे हे घडणारच असते. जे घडणारच त्याचा विमा कसला? पुराची गोष्ट आणखी वेगळी. आग एका वेळी एक घर जाळते, पूर एका वेळी अख्खे खोरे बुडवतो. सगळे दावे एकाच दिवशी येणार असतील तर साध्या घरविम्याच्या हप्त्यात ते बसत नाहीत. म्हणून अनेक देशांत पूर वेगळा काढला जातो आणि अमेरिकेत त्यासाठी 1968 साली सरकारलाच स्वतंत्र पूरविमा उभारावा लागला. शिवाय करार तो करार. पश्चिम बंगालमधल्या धुलियान इथे 1950 साली गंगेने काठ कापत आणला. नदी घरांजवळ येत असताना कंपनीने पक्की पॉलिसी निघण्याआधीच्या तात्पुरत्या करारपत्रावरचा विमा रद्द केला आणि नंतर ती घरे नदीत गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले. रद्द करण्याचा हक्क कंपनीला करारानेच दिला होता, असे न्यायालयाने 1966 साली ठरवले. मनाला लागणारा निकाल आहे, पण करारात जे लिहिले होते त्याला धरून आहे.

तरीही त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी दुसरी एक गोष्ट नोंदवली आहे: विम्याच्या कराराचा अर्थ संदिग्ध असेल, शंका असेल, तर तो कंपनीच्या विरुद्ध लावला जाईल. कारण उघड आहे. करारातला एक शब्दही घरमालक लिहीत नाही. तो छापील मसुद्यावर सही करतो. ‘हे कलम जरा बदला’ म्हणायची सोय त्याला नसते. ज्याने वाक्य लिहिले त्यानेच त्या वाक्याच्या धूसरपणाचे नुकसान सोसावे, हे न्यायाला धरूनच आहे. ‘वाचायला हवे होते’ असे म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: समजा, त्याने पॉलिसी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, तर काय बदलले असते? ज्या वाक्याचा अर्थ दोन वकील आणि तीन न्यायाधीश वेगवेगळा लावतात, तो अर्थ त्याला कळावा अशी अपेक्षा कुठल्या आधारावर ठेवायची?

प्रामाणिकपणाचेही तसेच. दावे नाकारताना सर्रास दिले जाणारे एक कारण म्हणजे ‘माहिती दडवली’. विमेदाराने आपल्याला ठाऊक असलेले सगळे सांगितले पाहिजे, या तत्त्वाचा उगम म्हणून 1766 सालचा लंडनमधला एक खटला नेहमी सांगितला जातो. सुमात्रा बेटावरच्या मार्लबरो किल्ल्याचा गव्हर्नर जॉर्ज कार्टर याने युरोपीय शत्रूने किल्ला घेतल्यास भरपाई मिळावी म्हणून विमा उतरवला होता. 1760 साली फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमा देणाऱ्याने पैसे नाकारले. म्हणाला, किल्ला कमकुवत होता आणि हल्ल्याची भीती होती, हे मला सांगितले नाही. हा खटला शिकवणारे सहसा तत्त्वापाशी थांबतात, निकालापर्यंत जात नाहीत. तो निकाल विमेदाराच्या बाजूने लागला! न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी म्हटले की परम विश्वासाचे बंधन दोन्ही बाजूंवर असते. युद्धाची स्थिती लंडनमध्ये बसलेल्या विमा देणाऱ्यालाही कळत होती, आपण कुणाचा विमा घेतो आहोत हेही ठाऊक होते, तरी त्याने काही विचारले नाही आणि हप्ता मुकाट्याने ठेवून घेतला. आधी न विचारता पैसे घ्यायचे आणि नुकसान झाल्यावर ‘सांगितले का नाही’ म्हणायचे, या चालीला अडीचशे वर्षांपूर्वीच उत्तर मिळाले आहे. ब्रिटनने 2012 साली कायदाच करून ग्राहकावरचे आपणहून सगळे सांगण्याचे ओझे काढले. आता कंपनीने प्रश्न विचारायचे आणि ग्राहकाने काळजीपूर्वक, खरी उत्तरे द्यायची. म्हणून ‘माहिती दडवली’ असे पत्रात आले की पहिला प्रश्न असा: अर्जात हे विचारले होते का? कोणत्या शब्दांत? आपण भरलेल्या अर्जाची प्रत कंपनीकडून मागून घ्यावी. पुष्कळदा अर्ज एजंटने भरलेला असतो आणि विमेदाराने तो पहिल्यांदा तेव्हाच पाहिलेला असतो.

घरांच्या दाव्यांत याहून अवघड भांडण कारणाचे असते. नुकसान झाले यावर दुमत नसते. ते कशाने झाले, यावर सगळे अडते. 18 एप्रिल 1906 च्या पहाटे सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला आणि पाठोपाठ लागलेली आग तीन दिवसांहून अधिक काळ धुमसत राहिली. अठ्ठावीस हजारांहून अधिक इमारती गेल्या, आणि त्यांतल्या बहुतेक आगीने गेल्या. लोकांकडे आगीचा विमा होता, भूकंपाचा नव्हता. त्यातच अनेक पॉलिसींत एक कलम होते: आगीखेरीज दुसऱ्या कारणाने इमारत कोसळली तर त्या क्षणी आगीचा विमा संपतो. राख झालेल्या शहरात प्रश्न उभा राहिला, हे घर आधी पडले की आधी जळले? काही कंपन्यांनी पूर्ण पैसे दिले. लंडनच्या लॉइड्स या विमा बाजारातले कथबर्ट हीथ यांनी अटींचा कीस न पाडता सगळ्यांचे चुकते करायला सांगितले, ही गोष्ट विमा व्यवसायात आजही अभिमानाने सांगतात. काहींनी सरसकट पाव हिस्सा कापला. काही परदेशी कंपन्या जबाबदारी झटकून निघूनच गेल्या. शहर तेच, आग तीच. कुणाला किती मिळाले हे कलमाच्या अर्थाइतकेच समोर कोणती कंपनी आहे आणि ‘माझे घर आग येईपर्यंत उभे होते’ हे आपण कशाच्या आधारे दाखवू शकतो, यावर ठरले.

नव्व्याण्णव वर्षांनी तोच प्रश्न वेगळ्या रूपात परत आला. ऑगस्ट 2005 मध्ये कतरिना वादळाने अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरची घरे अशी पुसली की मागे नुसते काँक्रीटचे चौथरे उरले. घरविम्यात वाऱ्याचे नुकसान धरलेले, पुराचे वगळलेले. चौथऱ्याकडे पाहून कोण सांगणार, छप्पर आधी वाऱ्याने गेले की समुद्राने? मिसिसिपीतल्या एका घराबाबत कंपनीनेच नेमलेल्या अभियंत्याने पहिला अहवाल दिला, नुकसान वाऱ्याने झाले. कंपनीने तो बाजूला ठेवून दुसरा अहवाल मागवला. त्यात कारण पाणी झाले. पाण्याचे पैसे सरकारी पूरविम्यातून जात होते, वाऱ्याचे कंपनीच्या खिशातून. हे कंपनीसाठी दावे तपासणाऱ्यांनीच बाहेर आणले म्हणून कळले. 2013 साली ज्यूरीने त्या प्रकरणात कंपनीने सरकारकडे खोटा दावा लावल्याचे ठरवले आणि 2016 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयातही तो निकाल टिकला.

सगळ्या कंपन्या असेच करतात, असे मी म्हणत नाही. या प्रकरणावरून मला इतकेच दिसते की अहवाल ही आकाशवाणी नसते. तो कुणीतरी, कुणाच्या तरी पैशाने, कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाला लिहिलेले उत्तर असते. सर्व्हेअरचा, म्हणजे नुकसानीची पाहणी करायला नेमलेल्या माणसाचा, अहवाल हा अंतिम शब्द नव्हे, असे भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही 2009 साली सांगितले आहे. म्हणून नकार आला की सर्व्हेअरचा अहवाल मागायचा. एकाहून अधिक असतील तर सगळे मागायचे, त्यांना जोडलेली छायाचित्रे आणि मोजमापे मागायची. मग आपला स्वतंत्र अभियंता किंवा अनुभवी बांधकाम जाणकार आणून त्याच्याकडून लेखी मत घ्यायचे, आणि तेही नेमक्या त्या मुद्द्यावर ज्याच्या आधारे दावा फेटाळला आहे. ‘घराचे फार नुकसान झाले आहे’ अशा मताचा काही उपयोग नाही. ‘हा तडा जुन्या खचण्याचा नाही, तड्याच्या कडा ताज्या आहेत, आत धूळ किंवा रंग नाही’ अशा वाक्याचा आहे. खराब झालेली वस्तू टाकायची नाही. छप्पर झाकावे लागणार, पाणी उपसावे लागणार, कारण नुकसान वाढू न देणे हे विमेदाराचेही कर्तव्य असते. पण ताडपत्री घालण्याआधी छायाचित्रे आणि दुरुस्तीची प्रत्येक पावती ठेवायची.

पत्राकडेही नीट पाहावे लागते. बरीच पत्रे ताकास तूर लागू देत नाहीत: ‘पॉलिसीच्या अटी व शर्तींनुसार’. कोणत्या अटीनुसार? कलमाचा क्रमांक, त्याचे पूर्ण शब्द आणि कोणत्या वस्तुस्थितीमुळे ते लागू होते, हे लेखी मागितलेच पाहिजे. यामागे कायदेशीर कारण आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये, त्याआधीच्या निकालांना धरून, स्पष्ट केले की नकाराच्या पत्रात न दिलेले कारण कंपनीला नंतर न्यायालयात पुढे आणता येत नाही. आज गळती जुनी, उद्या कळवायला उशीर, परवा देखभाल नीट नव्हती असा पाय बदलत जाणारा बचाव मग चालत नाही. जे कारण कागदावर आले त्याच्याशीच कंपनी बांधली जाते.

आणि ते कलम हाती आल्यावर ते शब्दशः वाचूनही प्रश्न उरतो, तो त्यामागच्या हेतूचा. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात 1975 साली निकाल लागलेले एक प्रकरण मला फार बोलके वाटते. एका व्यावसायिकाकडे घरफोडी झाली. आतल्या दरवाज्यावर फोडल्याच्या खुणा होत्या, बाहेर ट्रकच्या चाकांचे ठसे होते. पण पॉलिसीतली ‘घरफोडी’ची व्याख्या होती: बाहेरच्या बाजूला बळाच्या खुणा दिसल्या पाहिजेत. बाहेरचा दरवाजा जोर लावून मूठ फिरवली तर खूण न उमटता उघडत होता. कंपनी म्हणाली, व्याख्येत बसत नाही. पण ते कलम आतल्याच माणसाने केलेली चोरी वगळण्यासाठी होते; चोर हुशार निघाला म्हणून विमेदाराला बुडवण्यासाठी नव्हते. न्यायालयाने पैसे द्यायला लावले. 2022 साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयासमोर याहून सरळ प्रकरण आले. तळघरातल्या दुकानाचा आगीचा विमा, दुकान तळघरात आहे हे कंपनीला ठाऊक, आणि पॉलिसीत मात्र तळघर वगळलेले. असे कलम कराराचाच गाभा मारते, म्हणून त्याच्या आडून दावा नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. हप्ता ज्या गोष्टीसाठी घेतला तीच अपवादाने काढून घ्यायची, याला करार कसा म्हणायचा?

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही: असे निकाल मिळायला वर्षे लागतात, वकील लागतात, जळालेल्या घराच्या मालकाकडे ना वेळ, ना पैसा. नाकापेक्षा मोती जड. खरे आहे, आणि उशिराने होणारे नुकसान वेगळे असते. ब्रिटनमध्ये एका कारखानदाराच्या यंत्रांची मोडतोड झाली, दावा चुकीने नाकारला गेला, दुरुस्तीला पैसे नसल्याने धंदा बसला. नव्वदच्या दशकात न्यायालयाने सांगितले की विम्याची रक्कम मिळेल, पण उशिरामुळे बुडालेल्या धंद्याची भरपाई देता येत नाही. कायदा बदलून वाजवी मुदतीत पैसे देण्याचे बंधन कंपन्यांवर यायला 2017 उजाडले. पण न्यायालय ही शेवटची पायरी आहे आणि लोक तिच्याकडे पाहूनच पहिलीवर पाय ठेवत नाहीत. आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडे लेखी अपील, मग विमा लोकपाल, म्हणजे कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी. ब्रिटनमध्ये 1981 साली विम्याचा लोकपाल काही कंपन्यांनीच पुढाकार घेऊन नेमला. भारतात तो 1998 पासून आहे. तक्रारीला शुल्क नाही, वकिलाची गरज नाही, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असला तरी तो पटला नाही तर तक्रारदाराला पुढे जाता येते. भांडण फक्त रकमेचे असेल तर काही देशांच्या पॉलिसींत आणखी जवळचा रस्ता असतो: दोघांनी एकेक मूल्यमापक नेमायचा, त्या दोघांनी मिळून एक पंच निवडायचा, आणि तिघांपैकी दोघांचे जमेल ती रक्कम मानायची. न्यूयॉर्कच्या 1943 सालच्या 165 ओळींच्या प्रमाण अग्निविमा पॉलिसीत ही तरतूद होती. 165 ओळींत अख्खा करार मावू शकत होता, हे आजच्या जाडजूड पॉलिस्या पाहून सहज आठवते.

या पायऱ्या चढताना दोन ठिकाणी लोक घसरतात. एक म्हणजे मुदत. लोकपालाकडे जायची, ग्राहक आयोगाकडे जायची, दिवाणी दाव्याची, प्रत्येकाची मुदत वेगळी असते, आणि कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती थांबत नाही. दुसरी म्हणजे अर्धवट रकमेचा चेक आणि त्यासोबतची ‘पूर्ण आणि अंतिम’ अशी पावती. गरजेपोटी पैसे घ्यावे लागतात, ते समजण्यासारखे आहे. पण सही करताना ‘उरलेल्या रकमेवरचा हक्क राखून’ एवढे तरी लिहावे, आणि कंपनी ते लिहू देत नसेल तर त्याच दिवशी तसे लेखी कळवून ठेवावे.

फसव्या दाव्यांची भीती दाखवून या सगळ्याला विरोध करणाऱ्यांना मी विचारतो: कारण लेखी द्यायला लागले तर फसवणूक वाढते कशी? खोटा दावा पकडला असेल तर कंपनीकडे पुरावा असणारच, तो दाखवायला अडचण कसली? पुरावा मागितल्याने अडचण होते ती फक्त त्या नकाराची, ज्यामागे पुरावा नाही. आज सुक्याबरोबर ओलेही जळते आणि त्याला काटकसर म्हटले जाते. दावा नाकारताना सर्व्हेअरचे सगळे अहवाल, विमेदाराच्या अर्जाची प्रत, लागू केलेले कलम आणि पुढे दाद कुठे, किती दिवसांत मागायची ही माहिती पत्रासोबतच पाठवणे सक्तीचे करावे आणि त्यातले एक जरी नसेल तर मुदतीचे दिवस मोजायला सुरुवात होऊ नये. एवढे कागद त्या पहिल्या लिफाफ्यात असते तर माझ्या मित्राने मला विचारण्याआधी प्लंबरला फोन केला असता आणि तो पाइप परत मागितला असता.